डिझेल ‘फोर व्हील ड्राइव्ह’ की इलेक्ट्रिक? राजुऱ्याच्या रस्त्यांवरचा हिशेब

बल्लारपूर मागे टाकून वर्धा नदीचा पूल ओलांडला की राजुरा तालुका सुरू होतो. सास्ती, धोपटाळा, पवनी येथील कोळसा खाणी, पश्चिमेला गडचांदूर-आवारपूर पट्ट्यातील सिमेंट कारखाने, माणिकगडाच्या डोंगरातला जिवती तालुका, दक्षिणेला तेलंगणाची सीमा आणि पूर्वेला गोंडपिपरी, आष्टीमार्गे गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलात शिरणारी वाट, असा हा परिसर. येथील माणसाला एकाच वर्षात डांबरी महामार्ग, कोळशाच्या ट्रकांनी उखडलेला रस्ता, पावसाळ्यातली काळ्या मातीची चिकट पांदण आणि घाटातली चढण अशा चारही प्रकारच्या वाटा तुडवाव्या लागतात. त्यामुळे एसयूव्ही म्हटली की ती डिझेलवर चालणारी आणि शक्यतो ‘फोर व्हील ड्राइव्ह’ असणारी, हे समीकरण या भागात वर्षानुवर्षे रूढ आहे.

गेल्या पाच-सहा वर्षांत मात्र या समीकरणाला आव्हान मिळाले. २०२० च्या जानेवारीत टाटा मोटर्सने ‘नेक्सॉन ईव्ही’ बाजारात आणली आणि मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातील इलेक्ट्रिक एसयूव्ही प्रथमच मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर दिसू लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने ‘बीई ६’ व ‘एक्सईव्ही ९ई’ या गाड्या सादर केल्या, जानेवारी २०२५ मध्ये ह्युंदाईची ‘क्रेटा इलेक्ट्रिक’ आली, तर जून २०२५ मध्ये टाटांनी चारही चाकांना शक्ती देणारी ‘हॅरियर ईव्ही’ आणली. दुसरीकडे महिंद्राचीच ‘थार’, ‘थार रॉक्स’ आणि ‘स्कॉर्पिओ-एन’ या डिझेल गाड्यांची मागणी कायम आहे. वीस-पंचवीस लाख रुपयांची रक्कम ही राजुऱ्यातील नोकरदार, शेतकरी किंवा ठेकेदाराची अनेक वर्षांची बचत असते. ती कोणत्या गाडीत घालावी, याचे उत्तर शोरूममधील माहितीपत्रकात मिळत नाही. ते आपल्या वर्षभराच्या प्रवासात शोधावे लागते.

दोन वेगळे प्रश्न

या निवडीत सर्वांत मोठा गोंधळ होतो तो दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र केल्यामुळे. इंधन कोणते, हा एक प्रश्न. शक्ती दोन चाकांना की चार, हा दुसरा. डिझेल एसयूव्ही म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह असे नव्हे. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य डिझेल एसयूव्हींमध्ये शक्ती दोनच चाकांना मिळते. टाटांच्या डिझेल ‘हॅरियर’ व ‘सफारी’मध्ये ती केवळ पुढच्या चाकांना मिळते, तर ‘स्कॉर्पिओ क्लासिक’मध्ये केवळ मागच्या. ‘थार’, ‘थार रॉक्स’ व ‘स्कॉर्पिओ-एन’ या गाड्यांच्याही काही आवृत्त्या दोन चाकी शक्तीच्या असतात. बाहेरून त्या सारख्याच दिसत असल्याने ग्राहकाने नोंदणी करतेवेळी आवृत्तीचे नाव नीट तपासणे आवश्यक ठरते.

उलटपक्षी, फोर व्हील ड्राइव्हसाठी डिझेलच लागते हाही समज खरा नाही. ताडोबाच्या जंगलात पर्यटकांना वर्षानुवर्षे फिरवणारी मारुतीची ‘जिप्सी’ ही पेट्रोलवर चालणारी गाडी आहे. आता ‘हॅरियर ईव्ही’च्या वरच्या आवृत्तीत पुढच्या व मागच्या चाकांसाठी प्रत्येकी एक विद्युत मोटर बसवलेली असून ७५ किलोवॅट-तासाची बॅटरी दोन्हींना वीज पुरवते. सादरीकरणाच्या वेळी या आवृत्तीची शोरूम किंमत २८ लाख ९९ हजार रुपये जाहीर झाली होती. याउलट ‘नेक्सॉन ईव्ही’ व ‘क्रेटा इलेक्ट्रिक’ या गाड्यांमध्ये शक्ती पुढच्या चाकांना, तर ‘बीई ६’ व ‘एक्सईव्ही ९ई’मध्ये मागच्या चाकांना मिळते.

म्हणजेच बाजारात प्रत्यक्षात तीन पर्याय आहेत : डिझेल फोर व्हील ड्राइव्ह, दोन चाकी शक्तीची इलेक्ट्रिक आणि तुलनेने महागडी चार चाकी शक्तीची इलेक्ट्रिक.

चार चाकांची शक्ती किती दिवस लागते?

पारंपरिक फोर व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सला जोडून ‘ट्रान्सफर केस’ नावाची यंत्रणा असते. नेहमीच्या रस्त्यावर शक्ती केवळ मागच्या चाकांना मिळते. गरज पडल्यास लिव्हर किंवा बटणाद्वारे ती पुढच्या चाकांनाही देता येते. त्यातील ‘फोर हाय’ ही स्थिती ओल्या मुरमाड रस्त्यासाठी किंवा हलक्या चिखलासाठी असते. ‘फोर लो’मध्ये वेग अत्यंत कमी होऊन चाकांवरचा जोर अनेक पटींनी वाढतो. खोल चिखल, दगडधोंड्यांची चढण किंवा रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढणे ही तिची कामे. ‘थार’सारख्या गाडीत कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह चालू ठेवू नये. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, तो ताण यंत्रणेवर येऊन टायर व गिअर झिजतात.

विद्युत गाडीत ट्रान्सफर केस नसते. दोन स्वतंत्र मोटरी असल्याने कोणत्या चाकाला किती शक्ती द्यायची, हे संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. शून्य वेगापासूनच मोटर पूर्ण जोर देत असल्याने निसरड्या चढावर ही गाडी सहज निघते. मात्र ‘फोर लो’सारखा वेगळा संथ गिअर तिला नसतो आणि बॅटरीमुळे तिचे वजन दोन टनांच्या पुढे जाते. काळ्या मातीत हे वजन अडचणीचे ठरू शकते.

राजुरा व कोरपना तालुक्यांतील शेती प्रामुख्याने कापूस आणि सोयाबीनची, काळ्या जमिनीतली. पाऊस पडला की ही माती टायरच्या खाचांमध्ये बसते आणि टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी चारही चाकांना शक्ती असूनही गाडी जागच्या जागी फिरते. रस्त्यासाठी बनवलेले टायर लावलेल्या फोर व्हील ड्राइव्हपेक्षा खोल नक्षीचे ‘ऑल टेरेन’ टायर लावलेली साधी गाडी काही वेळा पुढे निघून जाते. म्हणून फोर व्हील ड्राइव्हवर दीड-दोन लाख रुपये अधिक मोजणाऱ्याने टायरचाही विचार करावा. चार चाकांची शक्ती गाडी हलवते, पण ब्रेक लागण्याचे अंतर ती कमी करीत नाही, हेही विसरू नये. ओल्या घाटात उतरताना दोन्ही गाड्या सारख्याच घसरतात.

ग्राहकाने स्वतःला विचारावा असा पहिला प्रश्न हा : गेल्या वर्षभरात अशी किती दिवस वेळ आली, की चारही चाकांना शक्ती असती तर गाडी गेली असती आणि नसल्यामुळे गेली नाही? राजुरा शहरात राहून चंद्रपूर किंवा गडचांदूरला नोकरी करणाऱ्यासाठी हे उत्तर बहुधा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येते. जिवतीच्या डोंगरातील पाड्यांवर, किंवा भामरागड-एटापल्लीकडील आतल्या गावांमध्ये पावसाळ्यात कामानिमित्त जाणाऱ्यासाठी ते महिन्यांमध्ये मोजावे लागते.

पूर आणि पूल

जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत वर्धा नदीला आलेल्या पुराने राजुरा-बल्लारपूर मार्ग बंद पडला होता. दक्षिण गडचिरोलीत पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा संपर्क तुटणे हा तर तेथील पावसाळ्याचा नित्याचा अनुभव राहिला आहे. या पार्श्वभूमीवर ‘गाडी किती पाण्यातून जाते’ हा प्रश्न येथे हमखास विचारला जातो.

कंपनीच्या माहितीनुसार ‘थार’ ६५० मिलिमीटर, तर ‘हॅरियर ईव्ही’ ६०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते. म्हणजे या कसोटीवर दोन्हींमध्ये फारसा फरक नाही. इलेक्ट्रिक गाडी पाण्यात गेली की विजेचा धक्का बसतो, ही भीती अनाठायी आहे. बॅटरी पूर्णपणे बंदिस्त असते आणि बहुतेक कंपन्या ती ‘आयपी ६७’ दर्जाची असल्याचे सांगतात. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरू नये, असा त्याचा अर्थ. विद्युत गाडीला हवा ओढणारे इंजिनही नसते, त्यामुळे डिझेल इंजिनात पाणी शिरून ते निकामी होण्याचा जो धोका असतो तो तिला नाही. मात्र पुरात बराच वेळ बुडून राहिलेली इलेक्ट्रिक गाडी स्वतः चालू करणे किंवा चार्जिंगला लावणे धोक्याचे असते. ती तशीच सेवा केंद्रात न्यावी लागते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की हे सर्व आकडे साचलेल्या पाण्याचे आहेत, वाहत्या पाण्याचे नव्हेत. पुलावरून वाहणारे दोन फूट पाणी जड एसयूव्हीलाही बाजूला लोटू शकते. तेथे फोर व्हील ड्राइव्ह कामी येत नाही, कारण चाकांची पकडच सुटलेली असते. ज्या दिवशी पुलावरून पाणी वाहते त्या दिवशी डिझेल आणि इलेक्ट्रिक या दोन्ही गाड्यांची जागा पुलाच्या अलीकडेच असते.

कागदावरचा पल्ला आणि मे महिन्यातला पल्ला

इलेक्ट्रिक गाडीबाबतचा खरा प्रश्न पल्ल्याचा. ४५ किलोवॅट-तासाच्या ‘नेक्सॉन ईव्ही’साठी चाचणीतील पल्ला ४८९ किलोमीटर जाहीर करण्यात आला, तर दोन मोटरींच्या ‘हॅरियर ईव्ही’साठी ६२२ किलोमीटर. हे आकडे प्रयोगशाळेतील ठरावीक वेगाचे असतात. प्रत्यक्ष रस्त्यावर त्यांच्या साधारण ७० टक्के पल्ला धरणे शहाणपणाचे. म्हणजे पहिल्या गाडीसाठी सुमारे ३४० आणि दुसरीसाठी सुमारे ४३५ किलोमीटर.

चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ ते ४७ अंशांवर जाणे ही नवलाई नाही. अशा उन्हात वातानुकूलन यंत्रणा सतत चालू ठेवावी लागते, शिवाय बॅटरी थंड ठेवण्यासाठीही वीज खर्च होते. त्यामुळे ३४० चा पल्ला ३०० वर येतो असे गृहीत धरावे. त्यातही वाटेत चार्जर बंद असणे, रस्ता बंद होऊन वळसा पडणे या शक्यता धरून दोन-तृतीयांश अंतरच भरवशाचे मानावे. म्हणजे २०० किलोमीटर.

हा २०० चा आकडा राजुऱ्याच्या नकाशावर ठेवला की चित्र स्पष्ट होते. राजुरा ते चंद्रपूर जाऊन-येऊन सुमारे ६० किलोमीटर. रोज हा प्रवास करणाऱ्याने तीन दिवसांतून एकदा गाडी चार्ज केली तरी पुरते. गडचांदूर आणि जिवती या अंतरात आरामात बसतात. घाट चढताना वीज जास्त लागते, पण उतरताना मोटर उलट वीज तयार करून काही भाग बॅटरीत परत भरते. नागपूर सुमारे १८० किलोमीटरवर आहे. एका बाजूचा प्रवास होतो, परतण्यापूर्वी नागपुरात किंवा वाटेत चार्ज करावी लागते आणि तेथे तशी सोय आहे.

भामरागडचे गणित वेगळे. राजुऱ्याहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करीत तेथे जाऊन परत यायचे तर सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा पल्ला गाठावा लागतो. आलापल्लीच्या पुढे दाट जंगल सुरू होते, मोबाइलचे जाळे मध्येच तुटते आणि बहुतेक सार्वजनिक चार्जर मोबाइलवरील अॅपद्वारेच चालू होतात. मोठ्या बॅटरीची गाडीही येथे काठावरच उत्तीर्ण होते. ‘थार’ किंवा ‘स्कॉर्पिओ-एन’च्या ५७ लिटरच्या टाकीत, लिटरला १२ किलोमीटर धरले तरी, साडेसहाशे किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. शिवाय डिझेल संपलेच तर जवळच्या गावातून कोणी तरी दुचाकीवरून आणून देऊ शकते. वीज अशी आणता येत नाही. बॅटरी संपलेली गाडी चाके रस्त्यावर टेकवून ओढत नेणेही योग्य नसते. तिला सपाट ट्रकवर चढवूनच न्यावे लागते.

हा केवळ गैरसोयीचा मुद्दा नाही. राजुरा वनपरिक्षेत्रात अनेकांचा बळी घेणाऱ्या ‘आरटी-१’ या वाघाला वनविभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये जेरबंद केले होते. वाघ, बिबटे, अस्वले आणि रानडुकरे यांच्या या मुलखात संध्याकाळनंतर जंगलरस्त्यावर गाडी बंद पडणे ही जिवावर बेतणारी गोष्ट ठरू शकते. म्हणून आतल्या भागात जाणाऱ्याने गाडीच्या रुबाबापेक्षा परत येण्याच्या खात्रीला अधिक महत्त्व द्यावे.

घरचा प्लग

इलेक्ट्रिक गाडीचा निम्मा फायदा घरच्या प्लगवर अवलंबून असतो. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवरून तासाला सुमारे तीन युनिट वीज गाडीत जाते. ४५ युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर ती भरण्यास सुमारे पंधरा-सोळा तास लागतात. मात्र रोजच्या ६० किलोमीटरसाठी लागणारी सुमारे बारा युनिट वीज चार तासांत भरते. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरील चार्जर बसवल्यास पूर्ण बॅटरी साडेसहा-सात तासांत भरते. त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेणे, चांगले अर्थिंग करणे आणि प्लगपर्यंत स्वतंत्र जाड वायर टाकणे ही तीन कामे गाडी येण्यापूर्वीच उरकावीत. जुन्या घरातील कमजोर वायरवर रात्रभर हा भार टाकल्यास आगीचा धोका संभवतो.

उन्हाळ्यात दुपारी तापून आलेली गाडी लगेच जलद चार्जरला लावल्यास बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी यंत्रणा चार्जिंगचा वेग आपोआप कमी करते. त्यामुळे येथे रात्री, गाडी थंड झाल्यावर, घरीच चार्ज करणे श्रेयस्कर. गाडी सावलीत उभी करावी. ‘लिथियम आयर्न फॉस्फेट’ प्रकारची बॅटरी उष्णतेला तुलनेने अधिक दाद देत नाही, म्हणून बॅटरी कोणत्या प्रकारची आहे आणि ती द्रवाने थंड होते की हवेने, हे विचारूनच गाडी घ्यावी. ‘बीई ६’ व ‘एक्सईव्ही ९ई’मध्ये याच प्रकारची बॅटरी आहे.

भाड्याच्या घरात राहणारे, वरच्या मजल्यावर सदनिका असणारे किंवा रस्त्यावर गाडी उभी करणारे यांच्यासाठी मात्र इलेक्ट्रिक गाडीचा विचार सध्या तरी लांबणीवर टाकलेला बरा.

पैशांचा हिशेब

डिझेलचा दर लिटरला ९० रुपये आणि फोर व्हील ड्राइव्ह गाडीचे सरासरी १२ किलोमीटरचे मायलेज धरल्यास १०० किलोमीटरला ७५० रुपये लागतात. इलेक्ट्रिक एसयूव्हीला चार्जिंगमधील गळतीसह १०० किलोमीटरला सुमारे २० युनिट वीज लागते. घरगुती वीज वापर ३०० युनिटच्या पुढे गेला की दर चढतो, हे लक्षात घेऊन सरासरी १४ रुपये युनिट धरले तरी खर्च २८० रुपये येतो. सार्वजनिक जलद चार्जरवर करांसह २५ रुपये युनिट धरल्यास तो ५०० रुपये होतो. म्हणजे केवळ बाहेरच्या चार्जरवर विसंबणाऱ्याची बचत जवळपास निम्मीच उरते.

घरी चार्ज करून वर्षाला ८ हजार किलोमीटर चालवणाऱ्याची बचत सुमारे साडेसदतीस हजार रुपये होते. १५ हजार किलोमीटर चालवून पाव चार्जिंग बाहेर करणाऱ्याची ती सुमारे ६२ हजार, तर त्याच प्रमाणात २५ हजार किलोमीटर चालवणाऱ्याची एक लाखाच्या पुढे जाते. छतावर सौर संच असल्यास गणित आणखी सुधारते. तीन किलोवॅटचा संच महिन्याला साधारण ३०० ते ३६० युनिट वीज देतो आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत अशा संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. चंद्रपूरच्या उन्हाचा हा एक सरळ उपयोग म्हणता येईल.

करांच्या बाबतीतही पारडे इलेक्ट्रिक गाडीकडे झुकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या फेररचनेत मोठ्या डिझेल एसयूव्हींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर ठेवण्यात आला, तर इलेक्ट्रिक गाड्यांवर तो ५ टक्केच राहिला. ‘थार’ चार मीटरहून आखूड असली तरी तिचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन दीड लिटरच्या मर्यादेबाहेर असल्याने तीही ४० टक्क्यांतच येते. राज्यात डिझेल गाडीवर किमतीनुसार १३ ते १५ टक्के मोटार वाहन कर लागतो. १८ लाखांच्या गाडीवर १४ टक्क्यांनी तो अडीच लाखांहून अधिक होतो. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना या करातून सूट असून समृद्धी महामार्गावर पथकरातूनही सूट देण्यात आली आहे. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सवलत मिळते. मात्र वाहन कर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकर सवलत ३१ मार्च २०२३ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना लागू नाही. विक्रेत्याने ती सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रिक गाडीची पुनर्विक्री अद्याप बेभरवशाची आहे आणि बॅटरी बदलण्याचा खर्च काही लाखांत जातो. बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची, ती दुसऱ्या मालकाला मिळते का, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बदलून मिळते, ही तीन कलमे लेखी पाहावीत. डिझेल फोर व्हील ड्राइव्ह या भागात दहा वर्षांनंतरही गिऱ्हाईक शोधते, हा तिचा मोठा गुण.

दुरुस्ती कोण करणार?

‘डिझेल गाडी कोणीही मिस्त्री दुरुस्त करतो’ हे जुन्या जीपबाबत खरे होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस ६’ निकषांनंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी पकडणारा ‘डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर’ असतो. ही काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर धावावी लागते. घर ते खाण असा चार-पाच किलोमीटरचाच रोजचा प्रवास असेल तर फिल्टर चोंदतो, दिवा लागतो आणि अखेर संगणक जोडूनच तो साफ करावा लागतो. अशा छोट्या फेऱ्यांसाठी आजची डिझेल गाडी मुळातच गैरसोयीची आहे. काही मॉडेलमध्ये युरियाचे द्रावणही वेळोवेळी भरावे लागते.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल, क्लच, फिल्टर यांचा खर्च नाही. ब्रेकही कमी झिजतात. परंतु बिघाड झालाच तर राजुऱ्यातील गॅरेजमध्ये तो सुटत नाही. चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते. ट्रकांच्या रहदारीने उखडलेल्या रस्त्यावर गाडीचे पोट आपटण्याचा धोका असतो आणि इलेक्ट्रिक गाडीची सर्वांत महाग वस्तू तिच्या पोटाशीच बसवलेली असते. त्यामुळे खालचे संरक्षक आवरण आणि बॅटरीचे नुकसान भरून देणारा विमा या दोन गोष्टींवर काटकसर करू नये.

कोळशाची वीज, मग फायदा कोणाचा?

ऊर्जानगर येथील २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र डोळ्यांसमोर असताना ‘इलेक्ट्रिक गाडीही शेवटी कोळशावरच चालते’ हा युक्तिवाद चंद्रपूरकरांना पटकन पटतो. तो अर्धा खरा आहे. देशातील वीज निर्मितीची सरासरी पाहता एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. १०० किलोमीटरला २० युनिट म्हणजे सुमारे १४ ते १५ किलो. एक लिटर डिझेल जाळल्यास सुमारे २.७ किलो कर्बवायू निघतो. १०० किलोमीटरला आठ-सव्वाआठ लिटर म्हणजे सुमारे २२ किलो. बॅटरी तयार करताना होणारे प्रदूषण इलेक्ट्रिक गाडीच्या खात्यावर आधीच जमा झालेले असते. ते फेडून फायदा सुरू होण्यासाठी गाडी भरपूर चालणे आवश्यक असते. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीने पर्यावरणाचे फारसे भले होत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या क्रमवारीत चंद्रपूर औद्योगिक क्षेत्र ८३.८८ गुणांसह अतिप्रदूषित ठरले होते. त्यात खाणी, कारखाने व वीज केंद्राचा वाटा मोठा. खासगी गाडी बदलल्याने ते चित्र पालटणार नाही. मात्र शाळेच्या दाराशी किंवा बाजारपेठेत इंजिन चालू ठेवून उभी राहिलेली डिझेल गाडी जो धूर थेट नाकाशी सोडते, तो इलेक्ट्रिक गाडी सोडत नाही.

कोणासाठी कोणती?

वरील सर्व बाबींचा विचार करता निवडीची ढोबळ विभागणी अशी करता येते.

राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर, गडचांदूर या पट्ट्यात रोज ये-जा करणारा, स्वतःच्या घरात राहणारा आणि वर्षाला १२ हजार किलोमीटरहून अधिक गाडी चालवणारा नोकरदार किंवा व्यावसायिक याने दोन चाकी शक्तीची इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यावी. फोर व्हील ड्राइव्हवरचा खर्च त्याच्यासाठी वर्षातील दोन-चार दिवसांचा असून तेवढ्या दिवसांसाठी भाड्याची गाडी स्वस्त पडते.

पावसाळ्यात शेतशिवार, पाडे, जंगलातील कामे किंवा दक्षिण गडचिरोलीचा प्रवास ज्याला टाळता येत नाही, म्हणजे ठेकेदार, फिरते वैद्यकीय पथक किंवा दुर्गम गावांत काम करणारी संस्था, त्यांनी डिझेल फोर व्हील ड्राइव्हच घ्यावी आणि सोबत योग्य टायर, ओढण्याचा पट्टा व पूर्ण आकाराचे सुटे चाक ठेवावे. सध्या तरी या कामाला तोड नाही.

वर्षाला आठ हजार किलोमीटरहून कमी चालवणाऱ्याने या दोन्ही महागड्या पर्यायांपासून दूर राहून साधी पेट्रोल गाडी पाहावी. इंधनातील बचत मूळ किमतीतील फरक भरून काढण्यास त्याला फार वर्षे लागतील. चार चाकी शक्तीची इलेक्ट्रिक गाडी ही ज्याच्याकडे घरी मोठा चार्जर, छतावर सौर संच आणि सुमारे तीस लाखांची तयारी आहे, त्याच्यासाठी. जिवतीचा घाट तिला जड नाही, पण भामरागडच्या वाटेवर तिलाही परतीच्या विजेची चिंता वाहावीच लागते. घरात दोन गाड्या असतील तर रोजच्यासाठी इलेक्ट्रिक आणि जंगलासाठी आधीचीच जुनी डिझेल गाडी सांभाळणे हा बहुधा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

नोंदणीपूर्वी हे करा

- मागील बारा महिन्यांत कोठे, किती वेळा आणि किती किलोमीटर प्रवास झाला, याची यादी करा. सर्वांत लांबच्या नव्हे, सर्वांत अवघड प्रवासाकडे लक्ष द्या.
- गाडीची चाचणी शोरूमभोवतीच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता स्वतःच्या नेहमीच्या रस्त्यावर, शक्यतो पाच माणसे बसवून व एसी चालू ठेवून घ्या.
- नेहमीच्या मार्गावरील चार्जर नकाशावर पाहून थांबू नका. एकदा प्रत्यक्ष जाऊन तो चालू आहे का, रात्री उघडा असतो का आणि तेथे मोबाइलला रेंज मिळते का, हे पाहा.
- फोर व्हील ड्राइव्ह घेणार असाल तर ‘फोर लो’ वापरून दाखवण्याचा आग्रह धरा आणि गाडी ताब्यात आल्यावर महिन्यातून एकदा ती यंत्रणा चिखलात किंवा मातीत चालवा. वर्षभर न वापरलेली यंत्रणा ऐन पावसात अडकते.
- शोरूम किंमत नव्हे, तर कर, विमा, चार्जर, वायरिंग आणि टायर धरून येणारी एकूण किंमत दोन्ही बाजूंनी लिहून काढा आणि पाच वर्षांचे इंधन त्यात मिळवा.

हा कागद समोर ठेवून गाडी ठरवल्यास पुढील आठ-दहा वर्षे हप्ते भरताना पश्चात्ताप करण्याची वेळ येणार नाही. आलापल्लीच्या पुढे चार्जर कधी पोहोचतील, यावर अर्थातच पुढची गणिते बदलतील. तोपर्यंत ज्याची वाट तिकडे जाते त्याने डिझेलची टाकी, आणि ज्याची वाट चंद्रपूरला जाऊन संध्याकाळी घरी परतते त्याने घरचा प्लग, हाच निकष लावावा.